व्हर्च्युअल डेस्कटॉप रांगतोय? कोअर वाढवायच्या आधी हे बघून घ्या

"ओ दादा, स्क्रीन परत अडकलीया." रोज सकाळी दहा वाजून पाच-दहा मिनिटांनी मला हा फोन यायचा. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात आयटी बघतो. आमच्याकडं ऑफिसमधले जुने पीसी काढून टेबलावर थिन क्लायंट (नुसती स्क्रीन दाखवणारे छोटे डबे) ठेवले आणि सगळ्यांचे डेस्कटॉप सर्व्हर रूममधल्या एका होस्टवर, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरवर, नेले, पहिले चार-पाच महिने छान गेले आणि मग हे सुरू झालं. एक दिवस अकाउंट्सच्या मॅडमच्या मागं उभं राहून बघितलं. त्या व्हाउचर नंबर टाकत होत्या, ४५२१. स्क्रीनवर ४ आणि ५ आले, मग काहीच नाही, मॅडमनी की-बोर्डवरचा हात उचलून माझ्याकडं बघितलं आणि तेव्हा २ आणि १ दोन्ही एकदम आले. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मशीन रिकामं, आणि तरी चार आकडे धड टाइप होत नव्हते.

मी तेव्हा जे केलं तेच बहुतेक नवीन पोरं करतात म्हणून हे लिहायला घेतलंय. मी त्यांच्या डेस्कटॉपला २ चे ४ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) करून दिले. दोन दिवस त्यांना बरं वाटलं. मग शेजारच्या टेबलानं मागितले, मग स्टोअर्सनं, मग डिस्पॅचनं, असं करत दीड महिन्यात ४२ च्या ४२ डेस्कटॉपना ४ व्हीसीपीयू झाले आणि आधी सात-आठ जणांची तक्रार होती ती आता सगळ्या ऑफिसची झाली. डिस्पॅचचे काका गेटवरून फोन करायचे, "गाडी भरून उभी हाय, चलन निघंना." त्यांचं बरोबरच होतं, ड्रायव्हर त्यांच्या डोक्यावर उभा असायचा. हे निस्तरायला मला तीन आठवडे गेले. तुमचे तसे जाऊ नयेत.

आधी रेडी टाइम समजून घ्या

आपल्याकडं हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर उभे असतात बघा. ट्रॉली भरलेली, ड्रायव्हर बसलेला, काट्यावर वजन झालेलं, सगळं तयार, पण गव्हाणीवर पुढच्या गाड्या आहेत म्हणून थांबलाय. व्हीसीपीयू म्हणजे तो ट्रॅक्टर, आणि होस्टमधला खरा कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग) म्हणजे गव्हाण. डेस्कटॉपला काम करायचंय, तो तयार आहे, पण कोअर त्या क्षणाला दुसऱ्याला दिलेला आहे, म्हणून जो वेळ थांबण्यात जातो त्याला रेडी टाइम म्हणतात. नाव ऐकून चांगलं काहीतरी वाटतं पण हा वाट बघण्याचा वेळ आहे, जितका जास्त तितकं वाईट.

आणि शेतकऱ्यानं यार्डातली गर्दी बघून एकाच्या जागी दोन ट्रॅक्टर पाठवले तर ऊस लवकर गाळला जात नाही, यार्ड अजून भरतं, आणि बाकीच्यांचाही नंबर मागं जातो. मी ४२ शेतकऱ्यांना दुप्पट ट्रॅक्टर दिले होते.

दुसरी गोष्ट, डेस्कटॉपच्या आतल्या विंडोजला हे थांबणं कळत नाही. तो थांबलेला असतो तेव्हा त्याला चालवलेलंच नसतं, मग तो मोजणार कसा. म्हणून आतला टास्क मॅनेजर ३५ टक्के सांगतो आणि माणूस मात्र बोटं आपटत बसतो.

हाताशी काय काय पाहिजे

– होस्टचं किंवा व्हीसेंटरचं (व्हीएमवेअरचे होस्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर) लॉगिन. नुसतं बघायचे अधिकार असले तरी पहिल्या सहा पायऱ्यांना बरंच पुरतं, बदल करायला मात्र अॅडमिन लागेल.
– ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं होस्टवर बसणारं सॉफ्टवेअर) असेल तर होस्टवर एसएसएच (दुरून कमांड द्यायची सोय) चालू करायची परवानगी, ईएसएक्सटॉप (होस्टचे चालू आकडे दाखवणारी कमांड) बघायला. काम झालं की एसएसएच परत बंद करा.
– सगळ्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे होस्टवर चालणारे डेस्कटॉप आणि सर्व्हर) यादी, प्रत्येकाला किती व्हीसीपीयू आहेत त्याच्यासकट. आरव्हीटूल्स नावाचं फुकट टूल ही यादी थेट एक्सेलमध्ये काढून देतं, फक्त ते अधिकृत साइटवरूनच घ्या, नावाशी मिळत्याजुळत्या साइटवरून घेऊ नका.
– होस्टमध्ये प्रोसेसर किती, प्रत्येकात खरे कोअर किती. खरेदीच्या कोटेशनवर मिळेल.
– अँटिव्हायरसच्या कन्सोलचं लॉगिन, ते ज्याच्याकडं असेल त्याला आधीच सांगून ठेवा.
– एक वही. मी शंभर पानी वही केली होती आणि तीच शेवटी सगळ्यात उपयोगी पडली.
– गोल्डन इमेजचा (ज्या मूळ नमुन्यावरून डेस्कटॉप बनतात त्याचा) बॅकअप आणि साहेबांची बदलाची परवानगी, मेलवर. तोंडी नको.

मी ज्या स्क्रीन सांगतोय त्या व्हीएमवेअरच्या आहेत कारण आमच्याकडं ते आहे. हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स (तेच काम करणारी दुसरी सॉफ्टवेअर) वाल्यांसाठी मध्येच एक भाग दिलाय, बाकी विचार तोच.

१) तक्रार वेळेसकट लिहून घ्या

"स्लो आहे" ही तक्रार नव्हे. कोण, किती वाजता, काय करताना, किती वेळ अडकलं, आणि त्याच वेळी शेजारच्याचंही अडकलं का, हे पाच प्रश्न प्रत्येकाला विचारा. चार दिवस नुसतं एवढंच करा, काही बदलू नका. आमच्या वहीत चार दिवसांत चित्र दिसायला लागलं: सकाळी १० ते १०:३०, दुपारी १ च्या पुढं अर्धा तास, आणि महिन्याच्या १०-११ आणि १९-२० तारखेला अकाउंट्समध्ये दिवसभर. सकाळचं सोपं होतं, सगळे एकदम लॉगिन करतात. तारखांचं आधी कळेना, मग लक्षात आलं की जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११ आणि ३बी ची २०, त्या आधी सगळे मोठ्या मोठ्या एक्सेल शीट घेऊन बसलेले असतात. दुपारी एकचं कोडं पायरी नऊला सुटेल.

सगळ्यांचं एकाच वेळी अडकत असेल तर गडबड होस्टमध्ये किंवा स्टोरेजमध्ये. एकट्याचंच अडकत असेल तर आधी त्याचा डेस्कटॉप बघा.

२) प्रोसेसरच आहे का, हे आधी नक्की करा

ही पायरी टाळू नका, मी टाळली होती.

नेटवर्क: यूजर अडकलंय म्हणतोय त्याच वेळी व्हीसेंटरमधून त्याच व्हीएमचा कन्सोल उघडा. कन्सोलमध्येही तसंच अडकत असेल तर नेटवर्क नाही. कन्सोल व्यवस्थित चालतोय आणि टेबलावरच अडकतंय, तर केबल, स्विच, वायफाय, घरून काम करणाऱ्याचं इंटरनेट हे बघा, आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

डिस्क: ईएसएक्सटॉपमध्ये लहान व्ही दाबला की व्हीएमनिहाय वाचायला-लिहायला लागणारा वेळ दिसतो. सतत २० मिलिसेकंदच्या वर असेल तर स्टोरेज तपासा. महिनोन्महिने पडून राहिलेले स्नॅपशॉटही (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) इथंच त्रास देतात.

मेमरी: व्हीएमच्या मेमरी ग्राफमध्ये बलून (होस्टनं व्हीएमकडून परत मागून घेतलेली मेमरी) आणि स्वॅप (डिस्कवर टाकलेली मेमरी) हे दोन्ही शून्य पाहिजेत. होस्टनं मेमरी डिस्कवर टाकायला सुरुवात केली असेल तर प्रोसेसरचं कितीही केलं तरी फरक पडणार नाही.

हे तिन्ही ठीक असतील तरच पुढं चला.

३) आतून बघा

डेस्कटॉपच्या आत टास्क मॅनेजर उघडा आणि तक्रारीच्या वेळीच बघा, दुपारी निवांत वेळी नाही. सीपीयू सलग ९५-१०० टक्क्यांवर बसला असेल तर कुठली प्रोसेस खातीये ते बघा. बऱ्याचदा ब्राउझरचे चाळीस टॅब, अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, नाहीतर एखादं अडकलेलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर निघतं. ते बंद करून भागत असेल तर तिथंच थांबा.

इथं एक सापळा आहे जो मला फार उशिरा कळला. व्हीएम बनवताना ४ व्हीसीपीयू म्हणजे ४ सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) आणि प्रत्येकात १ कोअर असं ठेवलं असेल, तर विंडोज १० किंवा ११ ची प्रो एडिशन त्यातले २ च सॉकेट वापरते, कारण प्रोला दोनच सॉकेटची परवानगी आहे. म्हणजे तुम्ही ४ दिले, आत २ च दिसतात. आमच्याकडं एका जुन्या टेम्प्लेटवरून बनवलेले सहा डेस्कटॉप असे निघाले. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर सॉकेट आणि प्रोसेसरचा आकडा असतो, तो एकदा प्रत्येक टेम्प्लेटला तपासा आणि १ सॉकेटमध्ये सगळे कोअर असं करून घ्या.

४) बाहेरून बघा: रेडी टाइम काढायचा हिशोब

अख्ख्या लेखातली ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, हिला चहा घेऊन बसा.

व्हीसेंटरमध्ये व्हीएमवर जा, मॉनिटर, परफॉर्मन्स, अॅडव्हान्स्ड, चार्ट ऑप्शन्स, सीपीयू, रिअल-टाइम, आणि काउंटरमध्ये रेडी निवडा. आकडा मिलिसेकंदात येतो आणि तो बघून काहीच कळत नाही, म्हणून त्याचे टक्के करायचे. रिअल-टाइममध्ये एक ठिपका म्हणजे २० सेकंद, म्हणजे २०,००० मिलिसेकंद. मॅडमच्या डेस्कटॉपचा १० वाजून ५ मिनिटांचा आकडा होता ११,२००. त्याला २०,००० नं भागलं आणि १०० नं गुणलं की ५६ टक्के. पण हा चारही व्हीसीपीयूंचा मिळून आहे, म्हणून ४ नं भागा, एकेकाला १४ टक्के. म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयू प्रत्येक सेकंदातला सातवा हिस्सा नुसता यार्डात उभा होता.

किती चालतं? साधारण ठोकताळा असा की एका व्हीसीपीयूला ५ टक्क्यांपर्यंत असेल तर माणसाला जाणवत नाही, ५ ते १० मध्ये तक्रारी सुरू होतात, १० च्या वर गेलं की काम करणं अवघड. सर्व्हरला एकवेळ चालून जाईल, पण डेस्कटॉपसमोर माणूस बसलेला असतो आणि त्याच्या बोटाला लगेच कळतं.

चुका कुठं होतात ते सांगतो.

पहिली, दिवसाचा ग्राफ घेऊन २० सेकंदांनी भागणे. दिवसाच्या ग्राफमध्ये एक ठिपका ३०० सेकंदांचा असतो, आठवड्याच्यात १,८०० चा, महिन्याच्यात ७,२०० चा. दिवसाच्या ग्राफवरचे १२,००० मिलिसेकंद म्हणजे ४ टक्के, आणि चुकून २० नं भागलं तर ६० टक्के. मी असला ६० चा आकडा घेऊन एकदा साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो आणि परत येऊन दुरुस्त करावा लागला, त्याच्यानंतर पुढचे खरे आकडे पटवायला मला जड गेलं.

दुसरी, व्हीसीपीयूच्या संख्येनं भागायला विसरणे. ईएसएक्सटॉपमध्येही असंच आहे. तिथं सी दाबून सीपीयूच्या स्क्रीनवर या, मग मोठा व्ही दाबा म्हणजे फक्त व्हीएम दिसतील, आणि टक्के-आरडीवाय हा रकाना बघा. हा सगळ्या व्हीसीपीयूंचा मिळून असतो, म्हणून ४ व्हीसीपीयूच्या मशीनला २० दिसलं तर घाबरायचं नाही, एकेकाला ५ च आहे.

तिसरी, वेळ. रिअल-टाइम ग्राफ फक्त मागचा एक तास ठेवतो. सकाळी दहाची तक्रार दुपारी जेवून बघायला बसलात तर ती गेलेली असते, आणि मोठ्या काळाच्या ग्राफमध्ये सरासरीत ती बुडून जाते. दहाला तिथं बसायला जमणार नसेल तर ईएसएक्सटॉप बॅच मोडमध्ये लावून आकडे फाइलमध्ये घ्या, ५ सेकंदाला एक नोंद अशा ७२० नोंदी घेतल्या की बरोबर एक तास होतो.

आणि होस्टचा एकूण सीपीयू ६५ टक्के दिसतोय म्हणून "जागा आहे की" असं म्हणू नका. तो सरासरीचा आकडा आहे आणि डेस्कटॉपची गर्दी सेकंदा-दोन सेकंदांच्या झटक्यात येते. मी दोन आठवडे त्या ६५ कडं बघूनच होस्टला निर्दोष ठरवत होतो.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. आतला सीपीयू पूर्ण भरलेला आणि रेडी कमी, तर त्या डेस्कटॉपला खरंच जास्त पाहिजे, द्या. रेडी जास्त, तर आत काहीही दिसू दे, होस्टवर रांग लागलीये, व्हीसीपीयू वाढवायचे नाहीत. दोन्ही कमी आणि तरी स्लो, तर पायरी दोनला परत जा.

५) को-स्टॉप

रविवारी सकाळी आठ जणांचं टोळकं मिसळ खायला जातं आणि म्हणतं आम्हाला एकत्रच बसायचंय. दोन-दोनची टेबलं रिकामी होत राहतात, मागनं आलेली जोडपी खाऊन जातात, आणि हे आठ जण दारात उभे. जास्त व्हीसीपीयूच्या व्हीएमचं असंच होतं. तिचे सगळे व्हीसीपीयू साधारण बरोबरीनं पुढं जावे लागतात, एखादा फार पुढं गेला तर मागचे येईपर्यंत त्याला थांबवतात. हे थांबणं म्हणजे को-स्टॉप, ईएसएक्सटॉपमध्ये टक्के-सीएसटीपी. नवीन ईएसएक्सआयमध्ये हा नियम पूर्वीइतका कडक नाही, तरी ३ टक्क्यांच्या वर दिसलं की समजा त्या व्हीएमला गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिलेत. स्नॅपशॉट घेताना किंवा काढतानाही हा आकडा थोडा वेळ चढतो, तेव्हा बॅकअपची वेळ टाळून बघा.

६) कुणी लिमिट लावून ठेवलंय का

व्हीएमच्या एडिट सेटिंगमध्ये सीपीयूच्या खाली लिमिट असतं, ते अनलिमिटेड पाहिजे. कुणीतरी कधीतरी टेम्प्लेटवर १,००० मेगाहर्ट्झ लावलेलं असतं आणि त्याच्यावरून बनलेली प्रत्येक व्हीएम ते घेऊन जन्माला येते. ईएसएक्सटॉपमध्ये टक्के-एमएलएमटीडी हा रकाना शून्य पाहिजे, आणि लक्षात ठेवा की तो आकडा रेडीच्या आकड्यातच मिसळलेला असतो, म्हणून रेडी मोठा दिसला तर आधी त्यातनं हा वजा करून बघा. रिसोर्स पूलवरही (व्हीएमच्या गटावर) लिमिट असू शकतं, ते वेगळं बघायला लागतं.

मध्येच, हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी

हायपर-व्हीच्या होस्टवरचा टास्क मॅनेजर व्हीएमचा भार दाखवत नाही, तो फक्त होस्टच्या स्वतःच्या विंडोजचा दाखवतो. तिथं ५ टक्के दिसले म्हणून होस्ट रिकामा समजू नका. परफॉर्मन्स मॉनिटर उघडा आणि हायपर-व्ही हायपरवायजर लॉजिकल प्रोसेसरमधला टोटल रन टाइम बघा, आणि रांग बघायला व्हर्च्युअल प्रोसेसरच्या गटातला सीपीयू वेट टाइम पर डिस्पॅच. तो नॅनोसेकंदात असतो, म्हणून निवांत वेळेचा आकडा आधी लिहून ठेवा आणि तक्रारीच्या वेळी कितीपट झाला ते बघा.

प्रॉक्समॉक्समध्ये लिनक्सचा डेस्कटॉप असेल तर आत टॉप चालवून एसटी हा आकडा बघा, तो म्हणजे दुसऱ्यानं पळवलेला वेळ. विंडोजच्या आत तो दिसत नाही, मग होस्टवर प्रॉक मधल्या प्रेशर फोल्डरातली सीपीयू फाइल वाचा, त्यात मागच्या १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी मिळते. सीपीयू लिमिटचा सापळा इथंही आहे.

७) सगळ्या होस्टचा हिशोब मांडा

एक्सेलमध्ये सगळ्या चालू व्हीएमचे व्हीसीपीयू मिळवा आणि होस्टच्या खऱ्या कोअरनं भागा. आमचा असा होता: ४२ डेस्कटॉप गुणिले ४ म्हणजे १६८, ईआरपीचा डेटाबेस ८, फाइल सर्व्हर ४, डोमेन कंट्रोलर २, अँटिव्हायरसचा कन्सोल २, एकूण १८४. होस्टमध्ये १० कोअरचे दोन प्रोसेसर, म्हणजे २० कोअर. एका कोअरमागं ९.२ व्हीसीपीयू. आमच्यासारख्या ऑफिस कामाच्या डेस्कटॉपना ४ ते ६ पर्यंत बिनघोर चालतं, ८ च्या पुढं गेलं की डोळ्यात तेल घालून बघायला लागतं.

हायपर-थ्रेडिंगमुळं होस्टवर ४० लॉजिकल प्रोसेसर दिसतात, त्या ४० नं भागू नका. एका कोअरचे दोन थ्रेड एकच इंजिन वाटून घेतात, त्यातनं थोडा फायदा होतो पण दुप्पट कोअर मिळत नाहीत. हार्डवेअर विकणारे बऱ्याचदा थ्रेडचा आकडा कोअर म्हणून सांगतात, कोटेशन नीट वाचा.

दोन होस्ट असतील तर एक बंद पडल्यावरचा हिशोबही मांडा, कारण त्या दिवशी सगळे डेस्कटॉप एकावरच येणार आहेत.

८) व्हीसीपीयू कमी करा

इथं हात थरथरतो. स्लो आहे म्हणून ओरडणाऱ्या माणसाचा प्रोसेसर निम्मा करायचा म्हणजे धाडसच वाटतं, पण हेच काम करतं.

सगळ्यांचे एकदम करू नका. पाच डेस्कटॉप निवडा, ज्यांचा आतला सीपीयू चार दिवसांत ४० टक्क्यांच्या वर गेलेला नाही असे. संध्याकाळी सगळे गेल्यावर बंद करा, कारण चालू असताना व्हीसीपीयू काढता येत नाहीत, ४ चे २ करा, चालू करा. पूलमधले (एकाच इमेजवरून बनवलेल्या गटातले) डेस्कटॉप असतील तर एकेकावर बदलून उपयोग नाही, पुढच्या वेळी ते इमेजवरून परत ४ चेच बनतील, तेव्हा गोल्डन इमेजमध्येच बदल करून नवीन स्नॅपशॉट पूलला लावा. पाचांमध्ये काही अडलं नाही तर दुसऱ्या दिवशी दहा, मग बाकीचे. पाच कमी केल्यावर रेडी फारसा हलणार नाही, निराश होऊ नका, निम्मं ऑफिस झाल्यावर फरक दिसायला लागतो.

१ पर्यंत खाली जाऊ नका. विंडोज ११ ला किमान २ कोअर लागतात, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला असल्यामुळं आज ना उद्या ११ वरच जायचंय.

ज्यांना खरंच लागतात त्यांचे काढू नका. आमच्याकडं डिझाइनचे चार आणि एमआयएसचे (रिपोर्ट काढणाऱ्यांचे) दोन असे सहा डेस्कटॉप ४ वरच ठेवले. म्हणजे ३६ गुणिले २, अधिक ६ गुणिले ४, मिळून ९६, सर्व्हरचे १६ धरून ११२, वीस कोअरवर ५.६. त्या सोमवारी १० वाजून ५ मिनिटांनी मॅडमच्या डेस्कटॉपचा रेडी बघितला: १,४०० मिलिसेकंद, म्हणजे ७ टक्के, दोन व्हीसीपीयूत वाटला की ३.५. त्याच मॅडम, तेच काम, निम्मे व्हीसीपीयू. मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. अकराच्या सुमाराला त्यांनीच विचारलं, "नवीन सर्व्हर घेतला काय?"

मी सांगितलं नव्हतं, पण तुम्ही सांगा. मला नंतर ते बरं वाटलं नाही, माणसाच्या मशीनला हात लावताना त्याला माहीत असलं पाहिजे.

९) आतला भार कमी करा

दुपारी एकचं कोडं म्हणजे अँटिव्हायरसचा ठरलेला स्कॅन. पीसीच्या जमान्यात जेवणाच्या सुट्टीत स्कॅन लावायची पद्धत होती आणि ती चांगली होती, प्रत्येकाचा प्रोसेसर वेगळा होता. आता ४२ स्कॅन एकाच होस्टवर एकाच मिनिटाला सुरू व्हायचे. कन्सोलमध्ये जाऊन वेळा पसरवा, शक्य तर रात्री, आणि रॅंडम करायचा पर्याय असेल तर तो लावा. गोल्डन इमेज आधी एकदा पूर्ण स्कॅन करून मगच पूलला द्या. अँटिव्हायरस काढून मात्र टाकू नका, कुणी कितीही सांगू दे.

सकाळच्या लॉगिनसाठी डेस्कटॉप नऊच्या आधीच चालू करून ठेवा, टप्प्याटप्प्यानं, म्हणजे बूट आणि लॉगिन एकावर एक येत नाहीत. विंडोज अपडेट कामाच्या वेळेबाहेर. स्टार्टअपमध्ये आपोआप उघडणारी अॅप्स काढा. अॅनिमेशन, पारदर्शकता हे सगळं बंद करा, होस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवरचं प्रत्येक हलणं प्रोसेसरच रंगवतो, आणि ते दाबून क्लायंटकडं पाठवायचं कामही तोच करतो. म्हणूनच एकानं फुल स्क्रीन व्हिडिओ लावला की बाजूच्या चौघांना जाणवतं. हे सगळं हातानं करायचं नसेल तर विंडोज ऑप्टिमाइझ करायचं टूल मिळतं, पूर्वी व्हीएमवेअरचं होतं, २०२४ पासून होरायझन ज्या ओम्निसाकडं गेलं त्यांच्याकडं. त्यातले सगळे टिक डोळे झाकून लावू नका, इमेजची कॉपी करून तिच्यावर आधी तपासा.

१०) पॉवर सेटिंग

दहा मिनिटांचं काम. बायोसमध्ये पॉवर प्रोफाइल वीज वाचवण्यावर असेल तर परफॉर्मन्सवर करा, ईएसएक्सआयमध्ये पॉवर मॅनेजमेंट बॅलन्स्डवरून हाय परफॉर्मन्सवर, हायपर-व्हीच्या होस्टवर विंडोजचा पॉवर प्लॅनही तसाच. बायोसला होस्ट बंद करावा लागतो, सुट्टीच्या दिवशी करा.

सोबत सर्व्हरच्या मागं जाऊन दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे बघा. एक बंद असेल तर काही सर्व्हर प्रोसेसरचा वेग आपणहून खाली आणतात. एप्रिल-मेमध्ये सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तरी तेच होतं, तापलेला प्रोसेसर हळू चालतो, आणि व्हीएमच्या आत त्याचा पत्ता लागत नाही.

११) एवढं करूनही रेडी खाली येत नसेल

तर खरंच कोअर कमी आहेत, आणि ते मागायची वेळ आली. मागताना "सर्व्हर स्लो आहे" म्हणून जाऊ नका. एक कागद न्या: तक्रारींची वही, कमी करण्याआधीचा आणि नंतरचा रेडी, एका कोअरमागं किती व्हीसीपीयू, आणि पुढच्या वर्षी किती डेस्कटॉप वाढणार. एवढं बघून आमच्या साहेबांनी दुसरा होस्ट मंजूर केला, आधी तीनदा नाही म्हणाले होते. घेताना नुसते कोअर मोजू नका, प्रत्येक कोअरचा वेगही बघा, कारण टाइप करणाऱ्या माणसाला एका कोअरचा वेग आधी जाणवतो.

होस्ट येईपर्यंत ज्यांचं काम अडून चालत नाही त्यांचे शेअर्स (रांगेत कुणाला आधी घ्यायचं ते ठरवणारं सेटिंग) हाय करून ठेवा. आम्ही डिस्पॅचच्या तिघांचे केले. शेअर्स फक्त रांग लागल्यावरच चालतात, आणि सगळ्यांचेच हाय केले तर काहीच केलं नाही असं होतं, तेव्हा तीन-चार जणांपलीकडं जाऊ नका.

वही अजून चालू आहे. दर सोमवारी १० वाजून ५ मिनिटांनी पाच ठरलेल्या डेस्कटॉपचे रेडी आणि को-स्टॉप, शेजारी त्या दिवशीचे एकूण व्हीसीपीयू, एवढी एक ओळ. नवीन माणसाला डेस्कटॉप द्यायचा असला की आधी मागची ओळ बघतो, एका कोअरमागं सहाच्या वर जाणार असेल तर जुन्यातला कुठला बंद करता येतो ते शोधतो, आणि मगच क्लोन मारतो.